दोन ते चारचं व्रत

किस्से मी जमवत नाही. तेवढी सवड कुणाला आहे! पण रोज नारळ सोलला की सोडणं, म्हणजे त्याची वरची सालं, जशी मागच्या दाराशी साठत जातात, तसे ते साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही. एक दिवस केर काढताना कळतं की, अगोबाई, ढीगच झालाय.

यंदाच्या चातुर्मासातला ढीग जरा जास्तच मोठा आहे. गुडघे बोलतायत, कंबर बोलतेय, तरी म्हटलं बसून एकदा सांगून टाकावं. सांगितलं की हलकं वाटतं.

डिचोलीहून नार्व्याला जाताना वाटेत आमचा वाडा लागतो. आमच्याकडे वाडा म्हणजे गावाचा तुकडा. दहा-बारा घरं, एक देऊळ, एक बसस्टॉप. घरांना पुढे सोपो, म्हणजे बसायची ओटी. माझं माहेर पेडण्याचं. लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून सोमवार, एकादशी, संकष्टी, श्रावणातलं सगळं, असं चालूच आहे. आमचे हे म्हणतात, "हिचे उपासाचे वार मोजू नका, जेवणाचे मोजा. लवकर संपतात."

लेक पणजीला नोकरीला. मधे काही महिने घरून काम होतं म्हणून तिने वायफाय घेतलं. ती गेली, वायफाय राहिलं. जाताना मला मोबाईलमध्ये दाखवून गेली. "आई, हे बघ. जगभरातल्या कॉलेजांचे धडे आहेत. आकाश, माती, कायदा, इतिहास, काय हवं ते. घरी बसून शिकायचं. सगळं फुकट."

मी म्हटलं, "फुकट कोण कशाला देईल?"

"देतात गं. तू नुसतं ऐकायचं."

नुसतं ऐकायचं! बाईला नुसतं ऐकायला कधी मिळतं, हे अजून तिला कळायचंय.

*

आता रेश्माची गोष्ट. ती आमची शेजारीण. तेहतीस वर्षांची, माहेर दोडामार्गाकडचं. नवरा ट्रक चालवतो, आठ-आठ दिवस बाहेर. ही अंगणवाडीत मदतनीस. तिथल्या सेविकाबाई पुढच्या जूनला निवृत्त होणार. ती जागा रेश्माला मिळू शकते, पण बारावी पास हवी. हिचं लग्न झालं तेव्हा बारावीची पुस्तकं माहेरच्या फळीवर राहिली, ती तिथेच.

तिने गुपचूप बाहेरून बारावीचा फॉर्म भरला. परीक्षा एप्रिलमध्ये, म्हापशाला. पुस्तकं, धडे, सरावाचे पेपर, सगळं मोबाईलवर फुकट. एकच गोष्ट फुकट मिळत नव्हती. वेळ!

सकाळ अंगणवाडीची. दुपार-संध्याकाळ द्वारकाकाकीची. द्वारकाकाकी म्हणजे रेश्माची सासू. बाई वाईट नाही हो. पण हाक मारायची सवय. दर पाच मिनिटांनी "रेश्माऽऽ!" कधी तांदूळ निवडायला, कधी चष्मा शोधायला, कधी नुसतीच, आहे की नाही बघायला. आणि सून भर दुपारी मोबाईल घेऊन बसलेली तर काकीला मुळीच चालत नाही.

"मांयला परीक्षेचं सांगून टाक," मी म्हटलं. मांय म्हणजे सासू.

"नको वयनी. नापास झालंय तर जल्मभर ऐकूक लागतला."

आषाढी दोन दिवसांवर आली होती. मी वाती वळत होते, आणि वळता वळताच सुचलं. चातुर्मासात प्रत्येक बाई काहीतरी नेम धरते. नेमाला सासू नाही म्हणत नाही! संध्याकाळी दिव्यापुढे बसून मी देवाला सगळं सांगितलं. म्हटलं, हे खोटं नव्हे. विद्या म्हणजे तूच. रागावू नको.

मग रेश्माला आणि सुलक्षाला घेऊन काकीकडे गेले. सुलक्षा पलीकडच्या घरातली, ब्लाऊज शिवते, आणि जिथे काही नवं चाललंय तिथे ती असतेच.

"काकी, यंदा आम्ही तिघींनी विद्याव्रत धरलंय. रोज दोन ते चार माझ्या सोप्यावर बसून श्रवण करायचं. कार्तिकीपर्यंत."

"कोणाचें श्रवण?"

"गुरूंचं. मोबाईलमधून सांगतात."

काकीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उपास आसा?"

"नाही."

"सोंवळें?"

"नाही."

"मागीर व्रत कसलें गो हें?" काकीचा आवाज चढला. "आयक. श्रवण करतना उदक पिवचें न्हय. उलोवचें न्हय. मदींच उठचें न्हय. आनी एक दीस चुकचो न्हय!"

आम्ही परवानगी मागायला गेलो होतो, नियम घेऊन परत आलो: पाणी नाही, बोलणं नाही, मधे उठणं नाही. वाटेत सुलक्षा मला म्हणते, "वयनी, बारावी हिची आणि तीनचा चहा माझा गेला!"

पहिल्या दिवशी रेश्माचे डोळे मोबाईलवर आणि कान भिंतीपलीकडे. हाक आली नाही. व्रताला भ्याली काकी, असं आम्ही म्हटलं.

*

रेश्माचे विषय ठरलेले होते. प्रश्न आमचा होता. व्रत तिघींचं, म्हणजे आम्हालाही काहीतरी शिकणं भाग. मी आकाश घेतलं. पंचांग रोज बघते, म्हटलं त्याच्या मागे काय आहे ते तरी कळू दे.

सुलक्षाला मात्र निवडता येईना. साडीच्या दुकानात बसल्यासारखी ती यादी वरखाली करत राहिली. मानसशास्त्र, समुद्रशास्त्र, जगातले धर्म, कापडाचा इतिहास, गणित, मेंदू! शेवटी फुकटच आहे तर नाही का म्हणा, असं म्हणून एका दुपारी तिने एकोणीस ठिकाणी नाव घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या मोबाईलवर निरोप. "तुम्ही आला नाहीत." "आम्ही तुमची वाट पाहत आहोत." "तुमचा धडा राहिला आहे." रोज एकोणीस!

आम्ही म्हटलं, लक्ष देऊ नको. पण सुलक्षा पडली माणसातली. तिच्या मते बोलावणं आलं की निदान तोंड दाखवून यायला हवं. चवथीला, म्हणजे गणपतीत, आपण नाही का वाड्यावर घरोघर जातो? एक घर चुकलं तर वर्षभर ते लोक नीट बोलत नाहीत. तेव्हा तिने हिशेबच बसवला. दोन तास, एकोणीस कोर्स, प्रत्येकी सहा मिनिटं. समुद्रात डोकावली, नमस्कार, गणितात डोकावली, नमस्कार, मेंदूत डोकावली, बाहेर!

पंधरा दिवस हे चाललं. एके दिवशी चार वाजता तिने मोबाईल मेजावर ठेवला, पाय लांब केले आणि म्हणाली, "वयनी, दमले गो. एकोणीस घरं फिरले, एका घरी जेवले नाही!"

*

श्रावणात एक दिवस द्वारकाकाकी स्वतः तपासणीला आली. दारात पाय धुतले, आणि कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसायचं सोडून खाली चटईवर टेकली. श्रवण आहे ना!

रेश्मा इतिहासाचा धडा जरा भराभर पुढे नेत होती. सुरुवातीची ओळख, आभार, तेच तेच. काकीने लगेच हात धरला. "कितें करता? पोथयेचो अध्याय कोण असो उडयता?"

"मांय, हो भाग परिक्षेक..." रेश्माने जीभ चावली. "हो भाग सोपो आसा."

"सोपो आसूं दी. पोथी धांवडावची न्हय."

तेव्हापासून रेश्माने एकही धडा मधून सोडला नाही. प्रस्तावनेसकट! आता ती सांगते, सरावाच्या पेपरात दोन प्रश्न प्रस्तावनेतलेच आले.

त्याच दुपारी सुलक्षाच्या एकोणिसातला मातीचा धडा लागला. परदेशातले कुणी म्हातारे सर. इंग्रजीत बोलत होते, काकीला अक्षर कळत नव्हतं. पण सरांनी शेतात वाकून ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं आणि नाकाशी नेलं. काकी एकदम पुढे सरकली. तिची सुपारीची बाग. जन्मभर तिने हेच केलं.

"हाका कळटा," ती सरांकडे बोट दाखवून म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ह्या मनशाक कोण कितें दिता?"

"काही नाही काकी. फुकट शिकवतात."

"फुकट?" तिला ते मुळीच सोसवेना. गुरूपुढे निदान नारळ तरी ठेवावा. "गुरूक नाल्ल सुद्दां ना? हें पाप कोणाच्या माथ्यार?"

शेवटी तिच्या सांगण्यावरून सुलक्षाने त्या धड्याखाली इंग्रजीत लिहिलं की, सर, आमच्या घरी चवथीला जेवायला या, नाही म्हणू नका. कुठे यायचं तेही लिहिलं. डिचोलीच्या बसस्टॉपवर उतरून नार्व्याची बस!

सरांचं उत्तर आलं नाही. पण ते वाचणाऱ्या दुसऱ्या लोकांची आली. एक ब्राझीलचा, एक आफ्रिकेतली बाई, एक कोणी कोलंबोचा. सगळे विचारत होते, आम्हीही आलो तर चालेल का? सुलक्षाने एकेक वाचून दाखवलं. बारा-पंधरा झाले.

काकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि रेश्माकडे वळली. "पातोळ्यांक हळदीचीं पानां उणीं पडटलीं गो. आनी हाड." म्हणजे आणखी आण.

चवथीच्या दिवशी अर्थात कुणी आलं नाही. पण काकीने पातोळ्यांचं एक ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. मी पाहिलं.

*

आता माझी फजिती. लपवून काय करू, आमचे हे सांगतातच सगळ्यांना.

भाद्रपदातली संकष्टी. दिवसभर पाऊस. पंचांगात चंद्रोदयाची वेळ असते, पण मी वेळेवर कधी उपास सोडत नाही. चंद्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय घास उतरत नाही. त्या दिवशी सकाळपासून डोकं धरलेलं, पाहुणे होऊन गेलेले, भांड्यांचा डोंगर. जीव अगदी मेटाकुटीला आलेला.

माझ्या आकाशाच्या कोर्सात एक सोय होती. ती उघडली की मोबाईलवर डोक्यावरचं आकाश दिसतं. ढगाआडचं सुद्धा! मी म्हटलं, देवानेच पाठवली. दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने उघडून बघते तर चंद्र चांगला वर आलेला! मी मोबाईललाच हळदकुंकू वाहिलं, अर्घ्य दाखवलं, आणि जेवायला बसले. मोदक संपवला. ताक प्यायले.

आचवायला मागच्या दारी गेले, तर पाऊस थांबलेला, ढग फाटलेले, आणि माडांच्या मागून चंद्र आत्ता कुठे वर येत होता. मला बघून उगवल्यासारखा!

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी मोबाईल घेतला, चष्मा लावला, आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं. आकाश जपानचं होतं!

"तू जपानच्या चंद्रावर उपास सोडलास," हे म्हणाले. "असू दे गो. चंद्र एकच ना?"

असू दे कसं? मला त्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता सोप्यावर रडवेली बसले. काकीला विचारायची छाती नव्हती. तेवढ्यात सुलक्षा म्हणाली, "वयनी, थांबा. माझ्या धर्मांच्या कोर्सात सर म्हणाले होते. जपानात गणपती आहे! देवळं आहेत त्याची!"

"खरं?"

"सहा मिनिटांत तेवढंच ऐकलं मी. पण ऐकलं!"

मी हात जोडले. कुठल्या दिशेला जोडायचे ते कळेना, म्हणून चारही दिशांना जोडले.

*

एक गोष्ट लिहावी की नको, विचार करत होते. लिहितेच. बायकांना कळेल.

रेश्माच्या घरी अजून महिन्याचे चार दिवस पाळतात. देवाकडे नाही, चुलीकडे नाही, विहिरीकडे नाही. व्रत धरल्यावर पहिल्यांदा ते दिवस आले तेव्हा प्रश्न पडला. श्रवण करायचं की खंड? काकी सांगेल ती पूर्वदिशा.

काकीने बराच विचार केला. मग निर्णय दिला. "पोथयेक हात लावचो न्हय. मोबायल पोथी न्हय. पुण सोप्यार देवाची तसबीर आसा. थंय बसूं नये. घरा बस, न्हाणयेकुशीच्या कुडींत. चारूय दीस. थंयच श्रवण कर."

आम्हाला वाटलं, न्हाणीशेजारच्या खोलीत बिचारी आता एकटी पडली. पाचव्या दिवशी रेश्मा सोप्यावर आली ती हसतच. चार दिवस चूल नाही, भांडी नाही, पाणी नाही, तांदूळ नाही! दोन ते चार कुठले, अंगणवाडीतून आली की अंधार पडेपर्यंत ती आणि तिचा मोबाईल. समाजशास्त्राचं अर्धं पुस्तक संपवून आली होती.

मला जवळ घेऊन हळूच म्हणते, "वयनी, देवान चुकी केल्यान. चारच दिले. आठ तरी देऊक होये होते!"

मी तिला दटावलं. पण हसले. माझीही सबंध हयात त्या चार दिवसांच्या विश्रांतीवर निघाली आहे, ते कुणाला सांगू?

*

हसण्यावारी चाललं होतं खरं, पण दिवस पळत होते.

दसऱ्याच्या सुमाराला रेश्माने अर्थशास्त्राचा सराव पेपर सोडवला. मोबाईलच तपासतो, लगेच सांगतो. शंभरात एकोणतीस! नुसती त्या आकड्याकडे बघत बसली, अंगणवाडीतली पोरं हातातला पाव मातीत पडला की बघतात तशी.

सुलक्षाने तोवर अठरा घरं सोडून एकट्या मानसशास्त्रात मुक्काम टाकला होता. ती पुढे सरसावली. "रेश्मा, तुला आत्ता नेमकं काय वाटतंय ते शब्दांत सांग."

"गप बसशीत काय?"

"राग. बरोबर!" म्हणत सुलक्षाने वहीत लिहून घेतलं. तिचा नवरा म्हणतो, आता घरात भांडायची सोयच उरली नाही. मी आवाज चढवला की ही पेन शोधते!

मोबाईलवर त्या एकोणतीसच्या खाली एक चौकोन होता. त्यात लिहिलेलं, 'पुन्हा प्रयत्न करा.' मी सहज विचारलं, "किती वेळा करता येतो?"

"कितीय वेळा," रेश्मा म्हणाली.

"आणि कुणी ओरडत नाही?"

"ना."

मी त्या चौकोनाकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत भात करपला, मुलगी पडली, पाहुण्यांच्या ताटात मीठ विसरलं. पुन्हा प्रयत्न करा असं मला कुणी म्हटलेलं आठवत नाही. देवाच्या खालोखाल हेच दयाळू दिसतात, जे कोणी हे धडे फुकट वाटतात ते!

रेश्माने तो चौकोन दाबला. चौतीस. परत दाबला. सदतीस.

"एप्रिलपर्यंत होईल गो," मी म्हटलं.

"एप्रिलपर्यंत, वयनी?" तिने माझ्याकडे पाहिलं. "व्रत कार्तिकीपर्यंत."

*

खरंच की! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चातुर्मास चार महिन्यांचा. उद्यापन झालं की नेम संपला. परीक्षा त्याच्यापुढे पाच महिने. अर्थशास्त्र सदतीसवर, मराठीचं अजून पान उघडलेलं नाही. नेम संपला की पुन्हा दर पाच मिनिटांनी "रेश्माऽऽ", आणि ती जूनची जागा दुसऱ्या कुणाची.

मी पंचांग घेऊन बसले. हे पेपर वाचत होते.

"मार्गशीर्षातले गुरुवार धरता येतील," मी म्हटलं.

"आठवड्यातून एकदाच," हे म्हणाले.

"पौषात धनुर्मास."

"तो पहाटेचा. दोन ते चार कसा होईल?"

"माघस्नान?"

"ते नदीत. मोबाईल घेऊन उतरणार आहात?"

फाल्गुनात तर मला काहीच सापडेना. सगळी पानं उलटून झाली. तीस वर्षं मी व्रतं करत आले, आणि एका मुलीच्या पाच महिन्यांना पुरेल असं एक व्रत मला सापडू नये! पंचांग मिटलं. डोळे चुरचुरायला लागले. त्या दिवशी एकादशी होती, पोटात काही नव्हतं, त्यामुळेही असेल.

"शालन," हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "द्वारकाकाकीला सरळ जाऊन सांग."

"काय सांगू? इतके महिने तुमच्या सुनेला व्रताच्या नावाखाली बारावीला बसवलं?"

"तेच. अगदी याच शब्दांत सांग."

मी तीनदा गेले. एकदा काकी सुपाऱ्या फोडत होती, एकदा आंघोळीला गेलेली, आणि एकदा समोर बसलेली असूनही मी कोथिंबीर मागून परत आले. घरी जुडी होतीच! रेश्मा रोज माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवायची. नाही.

*

कार्तिकी झाली. द्वादशीला उद्यापन माझ्याच सोप्यावर ठेवलं. वाड्यावरच्या सात-आठ जणींनी निरनिराळे नेम धरलेले, सगळ्यांचं एकत्रच. सकाळपासून मी आणि सुलक्षा राबत होतो. खतखतं, मणगणं, वड्या. रेश्मा पाट मांडत होती. पण तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. पाट वाकडा पडला तरी तिला दिसत नव्हता.

उद्यापनाची रीत अशी की, चार महिने जे सोडलं असेल ते भटजींसमोर सांगायचं, ती वस्तू दान द्यायची, पळीभर पाणी सोडायचं. मग दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सुरू. भटजी आमचे तरुण आहेत, नार्व्याहून मोटारसायकलने येतात. एकेकीला विचारत गेले.

"मी वांगं सोडलं होतं."

वांगी दान. पाणी.

"मी कांदा-लसूण."

पाणी.

"मी अठरा कोर्स सोडले," सुलक्षा म्हणाली. भटजींनी न ऐकल्यासारखं करून तिच्या हातावरही पाणी घातलं.

रेश्माने वह्या आणि पेन दान दिलं. व्रत धरलं होतं म्हणाली, विद्येचं, दोन ते चार. भटजी म्हणाले, "छान. आज पूर्ण झालं." तिने मान खाली घातली. मी ठरवलं, आता बोलायचंच. सगळ्यांसमोर तर सगळ्यांसमोर. ओठ उघडले, आणि तेवढ्यात भटजींनी द्वारकाकाकीकडे पळी वळवली.

"काकी, तुम्ही काय सोडलं होतं?"

काकी हात पुढे करून म्हणाली, "दोन ते चार सुनेक हाक मारप सोडिल्लें."

भटजी पळी हातात धरूनच थांबले. वांगं दान देता येतं, कांदा देता येतो. हाक कशी दान द्यायची, ते त्यांच्या पोथीत नसावं. शेवटी त्यांनी नुसतंच पाणी सोडलं.

"बरं. झालं तुमचंही उद्यापन. उद्यापासून मारा हाका."

काकीने ओला हात पदराला पुसला. "काशीक वचून सोडिल्लें कोण परत घेता, भटजी?"

"ते खरं. काशीला सोडलेलं जन्माचं सोडलेलं," भटजी म्हणाले. "पण तुम्ही काशीला कधी गेला होता, काकी?"

"ह्या शालनाच्या सोप्यार," काकी म्हणाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून रेश्माचा पाट तिने पंगतीतून स्वतःच उचलून बाजूला, तिच्या मोबाईलपाशी ठेवला. दोन वाजायला पाच मिनिटं होती.